सहअर्जदार

सोडतीत नाव निघालं तेव्हा आत्या मार्केट यार्डात
बेदाणे निवडत होती.
मी फोन केला. म्हणाली, कितवा मजला?
म्हटलं, तिसरा.
पलीकडे नुसताच पंख्याचा आवाज,
आणि कुणीतरी पोतं ओढल्याचा.
आयर्विनला किती फूट झाल्यावर तिथं पाणी येतं
तेवढं इचारून घे, म्हणाली, आणि ठेवला.

चटई क्षेत्र तिनं विचारलंच नाही.
मीच सांगत राहिलो: दोनशे नव्वद चौरस फूट,
संडास आत, गॅलरी नावापुरती.
ती मान हलवत राहिली,
परक्याच्या लग्नाची यादी ऐकावी तशी.

बँकेतल्या साहेबानं तिचं वय पाहिलं. चोपन्न.
तुमचा पगार आहे, म्हणाला, सीएनसीवरचा, पक्का.
एकट्याच्या नावावर घ्या की, वीस वर्षं बसतात.
हे त्यानं हळू आवाजात सांगितलं,
कारण ती शेजारीच बसली होती,
मांडीवर पिशवी, पिशवीत
भिशीचे, पाटल्यांचे आणि बावीस दिवाळ्यांचे
दोन लाख चाळीस हजार.

मी लगेच नाही म्हणालो नाही.
हे इथं लिहून ठेवतो, कारण करारात
त्याला रकाना नव्हता.
दोन-तीन क्षण गेले.
तेवढ्यात मी ते घर एकट्याचं करून पाहिलं,
पडदे लावले, कुपवाडच्या एका मुलीला
दारातून आत बोलावलं.
आत्या कुठेच नव्हती.
मग पिशवीची चेन वाजली.

नातं? खिडकीतल्या बाई म्हणाल्या.
आत्या.
आडनावं वेगळी आहेत. पुरावा?
गजराबाई शिवाप्पा हुक्कीरे.
दिग्विजय शहाजी खोत.
शिवाप्पा कुठायत हे त्यांनी विचारलं नाही, बरं झालं.
तेवीस वर्षं ते आम्हालाही ठाऊक नाही,
आधार कार्डावर मात्र नेमानं राहतात.

कर्नाळ रस्त्याच्या खोलीत, पत्र्याच्या पेटीत
जुनं केशरी रेशनकार्ड निघालं,
तिन्ही पुरांत भिजून वाळलेलं,
पानं पापडासारखी.
बाबांच्या खाली आई, आईच्या खाली मी,
आणि रकाने संपल्यावर, खाली समासात,
वेगळ्या शाईनं:
गजराबाई, बहीण, एक युनिट.
त्या युनिटचा गहू मीच खाल्लाय बराचसा.
हिशेब केला तर
एक भिंत तरी उभी राहिली असती.

हिस्सा किती-किती? निबंधकाच्या ऑफिसात वकिलानं विचारलं.
निम्मं-निम्मं, मी म्हटलं, जरा मोठ्यानंच.
निम्मं कुठनं धरायचं? तिनं विचारलं.
वकील हसला. अविभाज्य असतं, आत्याबाई,
मधे रेघ नसते.
रेघच न्हाई? मग भांडायचं कशावरनं?

तिला सांगितलं नाही,
पण रेघ मी आधीच मारून पाहिली होती.
ती ओट्याच्या मधून जाते.
शेगडी माझ्याकडे येते, नळ तिच्याकडे.

किल्ली मिळाली त्या दिवशी लिफ्ट बंद.
ती जिन्याच्या भिंतीवर तळवा टेकत चढली,
जुन्या खोलीतल्या खुणा आठवून:
पाच सालचा इथवर.
एकवीसचा इथं, बोटभर वर.
एकोणीसचा, हितं. माळा बुडालता.
पहिल्या वळणालाच तिचे पूर संपले.
पुढची भिंत नुसतीच पांढरी,
तरी तळवा टेकतच होती.

आत जाऊन तिनं आधी नळ सोडला.
नळ खोकला. हवा आली.
कुपवाडच्या पोरीला जमतील न्हवं एवढे जिने?
म्हणाली, माझ्याकडे न बघता.
मी म्हटलं, कोण पोरगी?

ती काही बोलली नाही.
नळाखाली हात धरून उभी राहिली,
पाणी येईपर्यंत.