भुंडा बैल

तान्हा पोळा चार दिवसांवर आला
आणि मी इतवारीत उभी, बैल घ्यायला.
भाचा विहंग: आठ महिने, दात दोन,
जगाशी ओळख अजून जिभेनेच करून घेतो.

मेडिकलमध्ये अठरा वर्षं एक्स-रे काढते मी.
रात्रपाळीला लेकरं येतात,
आईचा खांदा लाळेनं ओला,
बाप दाराशी, चप्पल एकाच पायात.
काय गिळलं?
"काही नाही जी, खेळत तं होतं."
खेळत होतं. नेहमी हेच.
मग काळ्या छातीत पांढरं काही उजळतं:
नाणं. स्क्रू. पैंजणाचा घुंगरू.
नाण्याला कडा एकच असते.
गोलात गोल, अशा दोन कडा दिसल्या
की मी कागद तसेच टाकून जिना चढते, धावत.
ती बॅटरी असते, बटणाएवढी,
कुठल्यातरी गाणाऱ्या बदकाच्या पोटातली.

"हे घ्या मॅडम, लाईटवालं, घोड्याचा आवाज येते."
झाकणाला स्क्रू आहे का?
"स्क्रू कायले? नखानं उघडते. सोपं."
सोपंच आहे, म्हणूनच विचारलं.

पर्समध्ये माझ्या पुठ्ठ्याची नळी असते,
टिश्यू पेपर संपला की उरते ती.
त्यातून जे जातं ते घशातूनही जाईल.
खुळखुळा घालून पाहते, बाहुलीचा बूट घालून पाहते,
दुकानदार एकमेकांकडे पाहतात.
पाहू द्या.

खरं सांगू, धातू परवडला. धातू दिसतो.
शेंगदाणा दिसत नाही.
अस्वलाचा प्लॅस्टिकचा डोळा दिसत नाही.
लाकडाची ढलपी दिसत नाही.
एका पहाटे डॉक्टरांनी विचारलं होतं,
मी फिल्म उजेडाला धरून म्हटलं, "साफ आहे, सर."
साफच होती.
पोरीचे ओठ मात्र जांभळे होते.

मस्कासाथच्या वळणावर शालिकराम सुतार बसतो.
बोट ओलं करून बैलाच्या पाठीवर घासलं,
बोट लाल झालं.
बिनरंगाचा द्या.
"घ्या."
घुंगरू काढा. कवडीचे डोळे काढा.
शिंगं काढा.
"शिंगं?"
काढा. दोरी वीतभरच ठेवा. चाकाला खिळा नको, लाकडी खुंटी मारा.
"मंग बैल काहून म्हनता बाई, पाटाच म्हना."
तरी त्यानं घासला, तासभर,
आणि शेवटी स्वतःच्या गालावरून फिरवून पाहिला,
डोळे मिटून, दाढी केल्यावर फिरवतात तसा हात.
पन्नास रुपये जास्त घेतले.
कमी करायलाच मेहनत लागते, म्हणाला.

नंदनवनात तोरणाखाली रांग लागली.
झुली, बाशिंगं, एका बैलाच्या शिंगांवर निळे दिवे लुकलुकत होते
आणि आमचा हा, रंधून काढलेला, कोवळ्या भुईमुगाच्या रंगाचा.
प्रणोतीची आई पदराआडून पुटपुटली,
"भुंड्या बैलाले कोन देते बोजारा?"
पण दिला.
मंडळाचे अध्यक्ष वाकले, हसले,
आणि विहंगच्या मुठीत रुपयाचं नाणं ठेवलं.

मूठ तोंडाकडे निघाली.
मी रांग मोडून, कुणाचा तरी बैल आडवा पाडून पोचले,
बोटं एकेक करून उघडली.
तो असा रडला की झडत्या थांबल्या.
सगळं मैदान माझ्याकडे पाहत होतं:
लेकराचा बोजारा हिसकावणारी आत्या.

घरी आल्यावर तो गप्प झाला. बैल जवळ ओढला.
वशिंडावर आता दोन दातांच्या खुणा आहेत,
तांदळाच्या दाण्याएवढ्या.
मी त्या अंगठ्यानं तपासल्या. ढलपी निघालेली नाही.
रोज तपासते.

मग पर्समधली नळी काढली, फरशीवर उभी धरली
आणि अध्यक्षांचं नाणं वरून सोडलं.
कुठेच न अडकता ते खाली पडलं,
खण्णकन वाजलं, कडेवर घरंगळत दिवाणाखाली गेलं.
माझा हात तसाच राहिला.

विहंग खुदकन हसला.
त्याला वाटलं,
आत्या खेळते आहे.