पासष्टच्या खाली

उभादांड्याच्या फाट्यावर माझी पीयूसीची व्हॅन.
अकरा वर्षं मी गाड्यांच्या पाठीमागेच उभी आहे.
नळी सायलेन्सरात, फोटो नंबर प्लेटचा,
"दाबा अॅक्सिलेटर" म्हणायचं
आणि श्वास रोखायचा.

आज बस्त्याव मेस्त्रीची जीप. डिझेल, चौतीस वर्षांची.
खालचा पत्रा खाऱ्या वाऱ्याने खाल्लेला,
क्लचशेजारून रस्ता दिसतो.
समुद्र रोज तिचं पासिंग करतो, कागद देत नाही.

मशीन म्हणालं, एकाहत्तर.
नियम पासष्टचा.
"गे बाय, जरा थांब. हिचो गळो बसलो हा."
स्क्रूड्रायव्हरचं टोक त्याने इंजिनाला टेकवलं,
मूठ कानाला,
आणि डोळे मिटले, कबुली ऐकणाऱ्या पाद्र्यासारखे.
फिल्टर झटकला. कुठलासा नट पाव फेरा मागे.
चौसष्ट.
मी प्रिंट काढली. सहा महिने.

मागे पुण्याची पांढरी गाडी, पेट्रोल.
शून्य पूर्णांक शून्य शून्य.
असा आकडा आला की मी आधी नळी निसटली का बघते.
कागद निघाला, गाडी निघेना.
काचेखाली पिवळा दिवा, इंजिनाचं इवलंसं चित्र.
मालकाने फोन लावला. तिकडचा म्हणाला, स्कॅनर लागेल.
स्कॅनर कुडाळात.

बस्त्यावने सवयीने बॉनेट उचललं.
आत काळं प्लास्टिकचं झाकण, पेटीसारखं.
त्यावर स्क्रूड्रायव्हर धरून
बराच वेळ वाकून राहिला.
"ही माझ्याशी बोलणा नाय,"
एवढंच म्हणाला, मूठ पुसली, खिशात ठेवली.

मग होडीचा निळा दोर.
पुढे चौसष्ट, मागे शून्य,
दोघं मठाच्या रस्त्याला लागले.
चढावर ओझं ओढताना जीपचा आकडा किती येतो
ते मशीन विचारत नाही, मीही विचारलं नाही.
पांढऱ्या गाडीची पुढची काच मात्र
कुडाळला पोचेपर्यंत पांढरी राहिली नसणार.

नियम बरोबर आहे.
हे मी सरकारच्या बाजूने म्हणत नाही,
माझ्या नाकाच्या बाजूने म्हणते.
संध्याकाळी व्हॅनचं शटर ओढून शिंकरले,
रुमालावर काळं.
त्यातलं बस्त्यावचं कुठलं,
ते रुमाल सांगत नाही.