मुदत

फरवानियाहून दोन बस बदलून
दर सहा महिन्यांनी मी या फाटकाशी येते.
मोबाइल, चाव्या, ओढणीची पिन, पाण्याची बाटली
सगळं ट्रेमध्ये.
जीभ तेवढी आत नेता येते,
तिचाच तासावर पगार आहे मला.

आत विश्राम धोपावकर.
मुक्काम पोस्ट पालशेत, तालुका गुहागर,
अजून एका दमात सांगतो, पिनकोडसकट.
वेल्डर होता. एका दुपारी बॉयलरमधून
कुणीतरी त्याला नावानं हाक मारली
आणि फोरमनच्या खांद्यावर पाना बसला.
फोरमन जगला. हात वर जात नाही म्हणतात.
कोर्ट म्हणालं, दोष माणसाचा नाही, आजाराचा.
ते वाक्य त्याला मीच सांगितलं होतं,
सुटकेची बातमी सांगावी तसं.
तेव्हा माझे केस काळे होते.

दोष असता तर तीन वर्षं होती.
त्याच गाडीतून आणलेला केबलचोर
शिक्षा भोगून, घरी जाऊन
दोन मुलींचा बाप झाला.

फॉर्मवर रकाना आहे, मुद्दत अल-इकामा.
भाषांतराला काही उरतच नाही.
मुदत आपलीही, मुक्कामही त्यांच्याच घरून आलेला.
पण आपल्याकडे मुदत संपते,
ठेवीची, विम्याची, दुधाच्या पिशवीची.
इथे जुना आकडा खोडून पुढचा लिहितात.
पेन्सिलीनं.
या खेपेला बारा.
बाहेर इकामा संपला की माणूस दंड भरतो,
नाहीतर लपतो कुणाच्या तरी गच्चीवर.
याचा कधीच संपला,
आणि राहणं चालूच आहे.

डॉक्टर नवे. पुन्हा पहिल्या पानापासून.
आवाज येतात का?
मी मराठीत विचारते.
'एसीचा येतो,' तो म्हणतो.
मी थांबते.
हे विनोद म्हणून सांगू की लक्षण म्हणून?
एका शब्दाला इथे सहा महिने लटकलेले असतात.

बरा आहे, असं तीन वर्षांमागेच लिहून झालंय.
अडलंय ते ताब्यात घेणाऱ्याच्या सहीवर.
कंपनी बुडाली, पासपोर्ट तिच्याबरोबर.
भावाला फोन मीच लावला होता.
'पंगत बसली, बाय,' तो म्हणाला,
'आता पान कुठं मांडू?'
हे मी कुणालाच भाषांतर करून सांगितलं नाही.

आज 'देखरेख'साठी माझा शब्द चुकला.
विश्रामनं खाली बघत, हळूच, बरोबर शब्द पुरवला.
पहारेकऱ्यांची अरबी, अगदी इथल्या 'च'सकट.
डॉक्टर फाइल वाचत होते.

'कधीपासून येते?' मी पॅसेजमध्ये विचारलं.
'असतील सात वर्षं.'
'मग मला कशाला बोलावतोस?'
त्यानं शर्टाचं बटण लावलं, काढलं, लावलं.
'सुरमईला हे चनद म्हणतात,' म्हणाला,
'पण चनद म्हटलं की वास येत नाही.'
मग विचारलं,
'यंदा बाजारात आहे का हो सुरमई?'

आहे म्हटलं. महाग आहे.

माझ्या वाट्याचा फॉर्म शेवटी असतो.
रुग्णास दुभाष्याची गरज: होय / नाही.
बाहेर तोझ सुटली होती, काचेवर वाळू घासत होती.
'नाही' लिहिलं तर त्याच्या बाजूचा
एक कागद तरी वाढला असता.

मी 'होय'वर खूण केली,
सही केली,
ट्रेमधून पिन उचलली.