शहाद्याचा किनारा

समुद्र इथून पाच तासांवर, तोही गुजरातेत.
तरी माझ्या टेबलाला जहाजं येऊन लागलीत,
एकशे बारा पानांची, पिवळ्या फितीने बांधलेली.
माणूस नसलेल्या जहाजांसाठी कायद्याचा मसुदा,
मराठीत आणून द्या, वीस तारखेच्या आत.

मे महिना. कूलरमध्ये दोन बादल्या ओतून
मी व्याख्यांना हात घालते.
कप्तान म्हणजे, जुना कायदा म्हणतो,
जहाजावर असून ज्याची हुकमत चालते तो.
नवा मसुदा 'जहाजावर असून' खोडतो
आणि त्या जागी काय लिहावं ते त्याला सुचत नाही.
मालक कंपनी, किंवा यंत्र रचणारा,
किंवा 'किनाऱ्यावरील चालक',
जो कुठल्याही जमिनीवर बसलेला चालेल;
पडदा हवा, वीज हवी, जाग हवी.

म्हणजे शहादाही किनारा झाला.
डोंगरगाव रोडच्या एखाद्या गाळ्यात,
खाली खतांचं दुकान, वर एसी,
आमच्या चेतना गिरासेने रात्रपाळीला बसून
एडनच्या आखातात चाळीस हजार टन गहू वळवावा
आणि सहाला पाळी संपवून
पपईच्या ट्रकांमधून स्कूटी काढत घरी जावं.
जहाज बुडालं तर ती कुठून उतरणार शेवटची?
जिन्यावरून?

पुढचं कलम फक्त जुनं आहे.
पहारा: नजरेने आणि कानाने, अखंड.
कॅमेऱ्याला नजर म्हणता येईल, मी लिहिते.
कानापाशी पेन थांबतं.

मग रविवारी प्रकाशाला गेले, वेडू भोईंकडे.
पूल कधीचाच झाला, मागाहून बॅरेजही,
नाव घरामागे उपडी, तिच्या पोटाखाली कोंबड्या.
ऐंशीच्या पुढचे. डोळे गेलेत,
खाट अजून तापीकडे तोंड करून.
सांगितलं सगळं, जमेल तसं सोपं करून.
ते बराच वेळ तंबाखू मळत राहिले.

"नावमा कोनीच नही?"
कोणीच नाही.
"मंग पानीमा कोन उडी टाकी?"

उत्तर होतं पिशवीत. कलम एकतीस:
संकटातील व्यक्तीस साहाय्य,
'जहाजाच्या रचनेस शक्य असेल तितपत'.
मी ते वाचून दाखवलं नाही.

मग त्यांनीच सांगितलं.
एका पुरात, ऐन धारेत, नावेत सतरा माणसं आणि एक वासरू,
अंधार पडलेला, आणि खालच्या अंगाला हाक आली.
एकदाच. मग पुन्हा.
माणसं म्हणाली, काही नाही, चला.
त्यांनी नाव वळवली.
वासरू बिथरलं, नाव एका कुशीवर झाली,
सतरा जणांनी आईबापाचा उद्धार केला.
आणि? कोण होतं?
"टिटवी."

मला वाटलं, पुढे काही असेल.
नव्हतं. बुडणाऱ्या बाभळीवर बसून
टिटवी ओरडत होती, एवढंच.
पुन्हा वळवली असती का, विचारलं,
तर ते हसले, आणि हसता हसता ठसका लागला,
सून पाणी घेऊन आली.

परत येऊन शोधते आहे.
चुकीच्या इशाऱ्याला कलम आहे, यंत्र दुरुस्त करण्याचं.
उशिराला दंड आहे, वाया गेलेल्या तेलाचा हिशेब आहे.
टिटवीसाठी वळलेलं जहाज कोणाच्या नावे मांडायचं,
आणि वळलंच नाही तर
कोणाला कळणार होतं?

समासात पेन्सिलने 'टिटवी' लिहिलं आहे.
उद्या खोडेन बहुधा. वीस तारीख जवळ आली.

आत्ता वीज गेली.
कूलर घरघरत थांबला
आणि एवढा वेळ त्याच्यामागे दडलेली गल्ली
सगळी एकदम ऐकू यायला लागली.
कुठेतरी बादली सांडली. कुठेतरी कुणीतरी
कुणाला तरी हाक मारतंय.
मला नाही बहुतेक.
मी उठून गॅलरीत आले.