शिल्लक

डब्याच्या पाठीवर मोठ्यानं छापलेलं : आठशे वॅट.
खाली मुंगीएवढ्या अक्षरांत, सलग चालवाल तर चारशे.
भरमाण्णा मुंगीच वाचायचे,
चष्मा कपाळावर ढकलून
कोनच्या काळ्या कागदावर बोट टेकवून,
बाळाची टाळू चाचपावी तसे.

कडोलीच्या नाटकाला मी पहिल्यांदा एकटा गेलो.
मोठा अ‍ॅम्प सांबऱ्याच्या लग्नात अडकलेला,
म्हणून धाकटा उचलला, चॅनेलला अडीचशेचा.
चार डबे, एका बाजूला दोन-दोन.
आठ ओहमला आठ ओहम शेजारी जोडले की चार उरतात,
इथली बेरीज अशी उलटी.
म्हणजे एकेका डब्याच्या वाट्याला सव्वाशे.
मनात म्हटलं, बरंच की,
जास्तीनं फुटतात डबे, कमीनं काय व्हायचंय?

पंचायतीचे अध्यक्ष बोलले, आधी मराठीत, मग कन्नडात,
तीच गोष्ट, दुसऱ्यांदा जरा चढ्या आवाजात.
मागून पोरं ओरडली, आवाज! आवाज!
मी फेडर ढकलला.
लाल दिवा लुकलुकला,
मग लुकलुकायचं विसरून लालच राहिला.

तिसऱ्या अंकात वास आला,
जळक्या वार्निशचा.
आणि नाटकातली काही अक्षरं उठून गेली :
स, श, च, त,
जिथं जिथं जीभ दाताला भेटते ती सगळी.
उरले नुसते स्वर,
घोंगडीत गुंडाळून कुणी बोलावं तसे.

मंदाकिनी हुक्केरीकर, चिकोडीहून बोलावलेल्या नायिका,
त्यांनी माझ्याकडं बघितलं,
तळवा हळूच खाली केला : बंद कर.
मी सगळंच खाली ओढलं.
देवळामागं जनरेटर तेवढा धडधडत राहिला.
त्या माईकच्या पुढं आल्या, फळीच्या कडेपर्यंत,
आणि बोलायला लागल्या.
मोठ्यानं नाही.
बटाट्याच्या पोत्यांवर बसलेली शेवटची ओळ
पुढं वाकली, एवढंच.
प्रत्येक स आपल्या जागी होता.

चहाला मी माफी मागायला गेलो.
रंग पुसता पुसता म्हणाल्या,
‘ओरडले कुठं बाळ, अर्ध्यातच बोलले.
अर्धं ठेवावं लागतं मागं.
रडायची जागा शेवटी येते.’

दुसऱ्या दिवशी पहिल्या गेटजवळच्या दुकानात
भरमाण्णांनी ड्रायव्हर उघडला.
केसाएवढी तार, काळी.
‘लई दिलास?’
‘नाही अण्णा, कमी दिलं.’
‘मग त्यानंच मेलं की मर्दा.’
बिलाच्या पाठीवर त्यांनी लाट काढली,
डोंगर, दरी, डोंगर,
आणि कात्रीनं माथे छाटले.
‘जेवढं नाही तेवढं मागितलं की अ‍ॅम्प हे असलं देतंय.
डोंगराचं पठार.
तारेला उतरायला वाटच नाही,
तिथंच उभी राहून तापतीय बिचारी.
चारशेच्या डब्याला सहाशेचा दे, आठशेचा दे.’
‘एवढं वापरायचं?’
‘वापरायचं नाही म्हणूनच द्यायचं.’

गेट पडलं, मालगाडी गेली, 
तोवर दोघंही गप्प बसलो.
चार डायफ्रॅमचे पैसे माझ्या पगारातून तीन हप्त्यांत कापले.
चहा मात्र त्यांनीच सांगितला.

हे सगळं आता जुनं झालं.
चाळीस वर्षांच्या जत्रांनी
भरमाण्णांच्या कानातले स आणि श नेले,
तिथं बदलायला डायफ्रॅम मिळत नाही.
डबा दुरुस्त झाला की मी माईक हातात घेतो,
म्हणतो, शेंगा, चिंच, साखर, सांबरा.
ते माझ्या ओठांकडं बघत राहतात
आणि बोट कोनवर ठेवून
म्हणतात, ‘हं. बरोबर.’