कटती

अंजनगावच्या जिनिंगात बावीस वर्षं
मी काट्यावर आहे.
ट्रॅक्टर भरून चढतो, रिकामा उतरतो,
मधला फरक तो कापूस.
त्यातून ओलाव्याची कटती.
पावती फाडायची, पुढचा घ्यायचा.

यंदा जानेवारीत, पहाटे साडेतीनला,
सिपनेकाठच्या एका शाळेच्या मैदानात
कुणीतरी मला काट्यावर उभं केलं.
एकाहत्तर चारशे.
डॉक्टरीणबाईंनी आकडा मनगटावर लिहिला, निळ्या पेनानं,
आणि मी सवयीनं विचारलं,
बुटांसकट का?

ऐंशी किलोमीटर.
बायको म्हणाली होती, एवढं पयून पोचान कुठं?
म्हटलं, निघालो तिथंच.
तिनं डबा भरला. ठेच्यात तेल जास्त घातलं.

पहिले वीस सगळेच पळतात.
पुण्याची पोरं, पाठीवर पाण्याच्या नळ्या,
अकोल्याचा एक बँकवाला, उतारावर देवाचं नाव घेणारा.
सागाची वाळली पानं पायाखाली एवढी वाजतात
की स्वतःचा दम ऐकू येत नाही.
पंचविसाव्याला गुडघा बोलला.
चाळिसाव्याला मी उत्तर देणं सोडलं.

पन्नासाव्याला पुन्हा काटा.
सदुसष्ट नऊशे.
साडेतीन किलोची घट.
एवढ्या घटीत आम्ही गाडी परत पाठवतो.
बाईंनी वीस मिनिटं बसवून ठेवलं,
हातात मीठ लावलेला उकडलेला बटाटा,
आणि त्या वीस मिनिटांत
माझ्यामागचे सगळे माझ्यापुढचे झाले.

उठलो तर मागं एकच माणूस.
हिरालाल मावस्कर. गमबूट, कानाला मफलर,
छातीवर नंबर नाही.
त्याचं काम, शेवटच्या गड्यामागं चालायचं
आणि झाडांना बांधलेल्या नारिंगी फिती सोडत यायचं.
मी वळून बघितलं
तर आलो ती वाट नव्हतीच.
नुसतं जंगल होतं, कधी कुणी न गेल्यासारखं.

"तुमी थांबू नका," तो म्हणाला.
"मले गुंडाळाले वेळ लागते."

फितींचं काय करता?
"वाल चढवतो. मागच्या सालच्या अजून टिकल्या."

अडुसष्टाव्याला टेबल आवरलेलं.
नऊ मिनिटं.
एका पोरीनं मान खाली घालून
माझ्या नंबराचा कोपरा कात्रीनं कापला.
भांडलो नाही.
मीही कुणाला नऊशे ग्रॅम सोडलेले नाहीत.

जीपमध्ये मागं बसवलं. ब्लँकेट. चहा.
ड्रायव्हरनं दिवे लावले
आणि पुढच्या फिती एकाएकी चमकल्या, झाडाझाडाला,
ज्यांच्याखालून आता कुणी येणार नव्हतं.
हिरालाल त्यांच्याकडं चालत निघालेला.
त्याला कटऑफ नव्हता.

थांबवा जरा, म्हटलं.

डावीकडच्या त्याच्या, उजवीकडच्या माझ्या.
गाठी कुणी मारल्या कोण जाणे, दातांनी सोडवाव्या लागल्या.
बोलणं झालं ते वालाबद्दल,
थोडं त्याच्या मुलीबद्दल, धारणीला नर्सिंग शिकते,
रात्रपाळीला तिला भूक लागते.
एकदा पुढं अस्वल उभं दिसलं. मी त्याचा हात धरला.
"मोह हाय थो," हिरालाल म्हणाला. "माह्या आत्याचा."

मैदानात कमान जमिनीवर निजलेली, हवा काढून.
काटा गाडीत गेला होता.
कुणीतरी शाळेचं कुलूप शोधत होतं मोबाइलच्या उजेडात.
आम्ही दोन गाठोडी पायरीवर ठेवली.
"तुमचं जड दिसते," तो म्हणाला.
दोन्ही हातांत तोललं. खरंच होतं, शंभरएक ग्रॅमनं.
दव धरलंय, म्हटलं.

सोमवारी आकडा मनगटावर तसाच,
साबणानं फक्त फिका झालेला.
पहिल्या ट्रॅक्टरवाल्यानं वाकून वाचला.
"हे कोनाचं वजन हाय भाऊ?"
भरल्या गाडीचं, म्हटलं.
रिकामीचं राह्यलं.