कमी उणे

उपग्रह एम. जी. रोडच्या फुटपाथपर्यंत सोबत येतात,
मग पोर्चमध्ये चपला काढाव्यात तसे मागे राहतात.
पुढे रॅम्प, दोन मजले खाली तळघर,
आणि माझ्या हातातला फोन,
ज्याला अजून वाटतंय
आपण पानाच्या टपरीपाशीच उभे आहोत.

काम तसं सोपं. रात्री अकरानंतर
दर दीड मीटरवर खडूनं फुली मारायची,
फुलीवर उभं राहून चारी दिशांना तोंड करायचं,
छताशी लावलेले राउटर किती क्षीण ऐकू येतात
ते लिहायचं.
उणे बावन्न. उणे एकाहत्तर.
धुण्याच्या खोलीपाशी उणे अठ्ठ्याऐंशी.
इथं जवळ असणंही उण्यातच मोजतात,
फक्त कमी उणे.

एक्स-रेच्या दारापलीकडे
काहीच नाही. भिंतीत शिसं आहे.

गेंदालाल एकोणीस वर्षं स्ट्रेचर ढकलतोय.
त्यानं फोनकडे पाहिलं नाही, फुल्यांकडे पाहिलं.
म्हणाला, बाईसाब, इथून फरशी उतरते, चाकाला कळतं.
फिनेल संपून स्पिरिट लागलं की डावीकडे.
जिरावणाचा वास आला की कँटीनची लिफ्ट.
आणि घोट्याला गार हवा लागली की...
थोडा थांबला.
ते नकाशात नका टाकू.

टाकलं नाही.

तीन रात्रींत चारशे सहा फुल्या.
पहाटे पोछा फिरला, खडू गेला, आकडे राहिले.
निळा ठिपका रिकाम्या बोळातून
माझ्या पावलाला पाऊल लावून चालला.

मग सोमवारची ओपीडी उघडली.
सांवेरची, मानपूरची, देपाळपूरची माणसं,
बगलेत फायली, स्टीलचे डबे,
एकेका पेशंटमागे पाच पाच जण.
ठिपका डगमगला. भिंतीतून आरपार गेला.
सोनोग्राफीला निघालेल्या एका बाईला
त्यानं भांडारात नेऊन उभं केलं,
ऑक्सिजनच्या रिकाम्या सिलिंडरांसमोर.
तिला वाटलं, नंबर यायचाय.
ती तिथंच बसून राहिली.

शरीर म्हणजे बरंचसं पाणी
आणि पाणी या लहरी पिऊन टाकतं,
हे मी परीक्षेत लिहिलंय. चार गुणांना होतं.
तरी मी रिकाम्या दवाखान्याचा नकाशा काढला.

आता भर दुपारी पुन्हा मोजतेय.
प्रत्येक फुलीवर आधीच कुणीतरी उभं आहे.
जरा सरकता का, म्हणते,
आणि लगेच, नको,
राहू द्या, असेच उभे राहा.

उणे एकोणऐंशी.
लिहून घेते.